बाल्टिक हेरिंग: सल्ल्याचा आकडा एक, मंजूर टॅक दुसरा. हे कसं?

पाणकावळा:
बाल्टिक समुद्राच्या मध्य भागातल्या हेरिंग माशाचे मंजूर आकडे पाहतोय. २०२३ ला ७०,८२२ टन, २०२४ ला ४०,३६८ टन, २०२५ ला ८३,८८१ टन. आधी ४३ टक्के कपात आणि लगेच दुपटीहून जास्त! शिवाय आयसीईएसच्या (समुद्र संशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद) सल्ल्यातला आकडा आणि युरोपीय संघाच्या मत्स्यमंत्र्यांनी मंजूर केलेला टॅक (वर्षभराची एकूण मंजूर पकड) जुळत नाहीत. हा फरक म्हणजे सरळ राजकारण समजायचं का? सल्ल्यातला आकडा मुळात निघतो कसा? आणि कॉड माशाचा सल्ला शून्य असताना कोटा कुठून येतो?

भरतीओहोटी:
राजकारण आहेच, पण आधी वजाबाकी करा आणि मग शिव्या द्या.

आयसीईएसचा सल्ला अख्ख्या साठ्यासाठी (त्या भागातल्या त्या प्रजातीच्या सगळ्या माशांसाठी) असतो. युरोपीय संघाचा टॅक फक्त संघाच्या वाट्यापुरता. मध्य बाल्टिक हेरिंगमध्ये रशियाचा वाटा ९.५ टक्के धरतात, स्प्रॅटमध्ये (हेरिंगसारखाच छोटा मासा) १०.०८ टक्के. तो आधी बाजूला काढायचा. मग रिगाच्या आखाताचा हिशेब. मध्य साठ्यातलं हेरिंग आखातात शिरून तिथे पकडलं जातं, ते वजा. आखाताच्या साठ्यातलं बाहेर सापडतं, ते मिळवायचं. मानीव आकडे घ्या: सल्ला १,००,००० टन. रशियाचे ९,५०० गेले, उरले ९०,५००. आखातात सापडणारे ४,००० वजा, बाहेर सापडणारे १,००० जमा. टॅक ८७,५००. इथवर कुणीही काही लाटलेलं नाही. या आकड्याच्या वर जे मंजूर होईल ते राजकारण.

२०२४ चं प्रकरण मात्र वेगळं. बाल्टिकच्या बहुवार्षिक आराखड्यात (नियम २०१६/११३९) एक कलम आहे: प्रजननक्षम साठा बी-लिम या तळरेषेखाली जाण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी राहील असाच कोटा द्यायचा. त्यावर बोट ठेवून युरोपीय आयोगाने मध्य बाल्टिक आणि बोथनिया (बाल्टिकचं उत्तरेकडचं आखात) या दोन्ही हेरिंगची थेट मासेमारी (मुद्दाम तोच मासा धरणं) बंद करायचा प्रस्ताव दिला. ऑक्टोबरच्या बैठकीत मंत्र्यांनी तो मानला नाही. मध्य भागात ४३ टक्के, बोथनियात ३१ टक्के कपात करून मोकळे झाले. पुढच्या वर्षी सल्लाच वर गेला, म्हणून उडी. माझ्या मते इतके हेलकावे म्हणजे मूल्यमापन डळमळीत असल्याची खूण. साठा खरोखर असा वर्षागणिक दुप्पट-निमपट होत नसतो.

खोलपाणी:
सल्ल्याचं गणित सांगतो. २०२६ चा सल्ला २०२५ च्या मे अखेरीस येतो, पण त्यातली पकडीची आकडेवारी २०२४ पर्यंतचीच. मधल्या वर्षाची पकड गृहीत धरावी लागते, आणि नव्याने साठ्यात येणाऱ्या पिल्लांची संख्याही. निम्म्या चुका इथेच होतात. गेल्या काही वर्षांची मूल्यमापनं एकावर एक ठेवून बघा. दरवर्षी नवी रेघ जुनीच्या खाली सरकत असेल, तर साठा सातत्याने फुगवून दाखवला जातोय.

पुढचा नियम सोपा आहे. साठा एमएसवाय बी-ट्रिगर या इशारा-पातळीच्या वर असेल तर मासेमारी मृत्युदर (एफ) एफ-एमएसवायइतका, म्हणजे दीर्घकाळ सर्वाधिक पकड देणाऱ्या दराइतका, ठेवायचा, खाली असेल तर त्याच प्रमाणात उतरवायचा. समजा बी-ट्रिगर ८०,००० टन, साठा ६०,००० आणि एफ-एमएसवाय ०.२६. मग एफ = ०.२६ × ६०/८० = ०.१९५.

आता सगळे जिथे घसरतात ती जागा: ०.१९५ म्हणजे १९.५ टक्के पकड नव्हे. हा क्षणोक्षणीचा दर आहे, आणि त्याच वेळी नैसर्गिक मृत्यूही चालू असतो. तो ०.२ धरला तर वर्षभरात पकडीत येणारा वाटा (०.१९५/०.३९५) × (१ − ई^−०.३९५), म्हणजे साधारण १६ टक्के. प्रत्यक्षात हे वयोगटागणिक वेगळं काढतात, कारण लहान मासा जाळ्याच्या आसातून निसटतो.

भरतीओहोटी:
कॉडचं राहिलं. पूर्व बाल्टिक कॉडचा सल्ला शून्य, तरी २०२२ ते २०२४ दरवर्षी ५९५ टन. हा फक्त आनुषंगिक पकडीसाठी, म्हणजे दुसरा मासा धरताना सोबत येणाऱ्या कॉडसाठी. कोट्याखालची मासळी समुद्रात परत न टाकता किनाऱ्याला उतरवायची सक्ती आहे. कॉडचा कोटा शून्य केला तर प्लेस या चपट्या माशाच्या जाळ्यात कॉड आला की त्या बोटीला थांबावं लागेल. म्हणून थोडी फट ठेवतात. कॉडची अडचण निव्वळ मासेमारीची नाहीच. तळाला प्राणवायू कमी, यकृतात सीलमधून येणारे परजीवी. कानातल्या खड्यांवरची वर्तुळं इतकी अस्पष्ट की वय ओळखता येईना. २०१४ मध्ये नेहमीचं मूल्यमापनच करता आलं नाही.

पाणकावळा:
वजाबाकी करून पाहतो. कोट्यापेक्षा जास्त पकडलं तर काय? आणि पकडलं हे कळतं कसं?

खोलपाणी:
पुढच्या वर्षातून कापतात, आणि कापताना गुणक लावतात. ५ टक्क्यांपर्यंत जादा असेल तर १, १० पर्यंत १.१, २० पर्यंत १.२, ४० पर्यंत १.४, ५० पर्यंत १.८, त्यावर २. कोटा २,००० टन आणि उतरवले २,३००: जादा १५ टक्के, म्हणून ३०० × १.२ = ३६० टन वजा. जादा पकड १०० टनांच्या आत असेल तर गुणक नाही.

'कळतं कसं' हा खरा कळीचा मुद्दा. हेरिंग आणि स्प्रॅट एकाच जाळ्यात येतात आणि न निवडता पंपाने टाक्यांत भरले जातात. ३०० टनांच्या खेपेत हेरिंग ३० टक्के असताना नोंद २० टक्के केली, तर ३० टन हेरिंग स्प्रॅटच्या खात्यात गेलं. हेरिंगचा कोटा 'शिल्लक' आणि मूल्यमापनात चुकीची पकड. उपाय कंटाळवाणा आहे. मासळी उतरवताना पूर्ण वेळ ठरावीक अंतराने धारेखाली बादली धरायची, प्रत्येक बादली निवडून प्रजातीवार वजन करायचं. फक्त सुरुवातीची एक बादली घेतली तर प्रमाण हमखास चुकतं, कारण टाकीत मासळी सारखी मिसळलेली नसते आणि दोन ओढींची मासळी वेगळ्या टाक्यांत असू शकते.

भरतीओहोटी:
वजाबाकीला बसाल तेव्हा एक लक्षात असू द्या. प्लेसचा एकच टॅक उपविभाग (आयसीईएसने पाडलेले समुद्राचे क्रमांकित भाग) २२ ते ३२ साठी असतो, पण जुन्या सल्ल्यांत साठे दोन धरलेले आहेत, २१-२३ आणि २४-३२. २१ साठी वेगळा टॅक आहे, त्यामुळे २१ धरून दिलेल्या सल्ल्यातून २१ चा वाटा आधी काढा.