पुराची बातमी की माणसाची गोष्ट? सहानुभूतीने लिहायचं म्हणजे काय करायचं?

पंचगंगाकाठ:
पावसाळ्यात आपल्या कोल्हापूरची बातमी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापासून सुरू होते. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. हे आकडे हवेतच. पण २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा 'आवाहन करूनही ग्रामस्थ घर सोडेनात' अशा अर्थाचं वाक्यही सारखं वाचायला मिळायचं. वाचणाऱ्याचा समज होतो, लोक हट्टी आहेत.

गोठ्यात तासभर बसा, कारण कळतं. दोन म्हशी, त्यातली एक गाभण. छावणीत माणसांची सोय आहे. म्हशी कुठं बांधायच्या, वैरण कोण देणार, दूध कुठल्या संस्थेत घालायचं? दहा दिवसांच्या दूधबिलावर घर चालतं. याचं उत्तर मिळेपर्यंत तो माणूस हलत नाही.

'डोळे पाणावले', 'कंठ दाटला' असं लिहून सहानुभूती येत नाही. परत परत जावं लागतं, समोरच्याचं कारण हे कारण म्हणून ऐकावं लागतं. अनिल अवचटांनी हमालांवर, निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर लिहिलं ते असंच, माणसांत बसून आणि साध्या वाक्यांत.

बातमीदार_शाहूपुरी:
पंचगंगाकाठ, मला हे पटत नाही. वेळेचं सोडा, रात्री पान लावायचं असतं हे सगळ्यांना माहीत आहे. माझा आक्षेप दुसराच आहे. गोष्ट सांगितली की वाचकाची नजर एका माणसावर खिळते आणि जबाबदार मंडळी सुटतात. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे बांधकामाला बंदी असलेल्या नदीकाठच्या पट्ट्यात, बांधकामं कशी झाली? भराव कुणी टाकले? कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून विसर्ग कधी वाढवला? म्हैसवाल्याची गोष्ट वाचून लोक धान्याचं किट पाठवतात. बांधकाम परवान्याची फाइल कुणी मागत नाही.

शिवाय गोष्ट रंगवायचा मोह होतोच. जर्मनीच्या 'डेर श्पीगल'मधला क्लास रेलोटियस पुरस्कारांवर पुरस्कार घेत होता. २०१८ मध्ये उघड झालं, की त्याच्या लेखांतली कितीतरी माणसं आणि प्रसंग बनावट होते.

विद्यापीठ_रोड:
रेलोटियसला पकडलं कुणी? त्याच्याच एका लेखावर सोबत काम केलेल्या हुआन मोरेनोनं. अमेरिकेत जाऊन, लेखातल्या माणसांना गाठून, विचारून. म्हणजे खोटं बाहेर आलं तेही जागेवर जाण्यानंच. मी पत्रकारिता शिकते. मला तर वाटतं, गोष्टरूप बातमीला साध्या बातमीपेक्षा जास्त पुरावा लागतो. 'ती मनात म्हणाली' असं लिहायचं, तर तिनं ते सांगितलेलं असायला हवं, आणि वहीत तशी नोंद हवी.

चिखलीकर:
तुम्ही दोघं लिहिणाऱ्यांचं बोलताय. ज्याच्यावर लिहितात त्याचं बघा की. आमच्या गल्लीतल्या काकूंवर मोठा लेख आला होता. चिखलानं भरलेल्या स्वयंपाकघरात बसलेला फोटो. लय लोकांनी वाचला. नवरा पितो, हे पण छापलेलं. खोटं नव्हतं. पण काकू ते चहा पिता पिता बोलल्या होत्या, घरातलं माणूस समजून. त्यात पोरीच्या लग्नाची बोलणी चाललेली. पाहुण्यांचे फोन सुरू झाले. त्या पोरीला काय वाटलं असंल, कुणी विचारलं का? त्यापेक्षा फूट-इंच छापणारा परवडला.

पंचगंगाकाठ:
चिखलीकर, हे वाचून राग आला. विश्वासानं सांगितलेलं न विचारता छापणं याला मी सहानुभूती म्हणणार नाही. साध्या माणसावर लिहिताना छापायच्या आधी त्याला वाचून दाखवावं, 'यातलं काय नको?' असं विचारावं आणि ऐकावं. मंत्र्याला किंवा अधिकाऱ्याला वाचून दाखवायचं कारण नाही; काय बोललं की काय छापतात हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

बातमीदार, छावणीत वैरणीची सोय का नव्हती, हा थेट प्रशासनाला विचारायचा प्रश्न आहे. तो सुचतो मात्र गोठ्यात बसल्यावर.

बातमीदार_शाहूपुरी:
वैरणीचं मान्य. पण पूररेषेचा नकाशा गोठ्यात मिळत नाही, तो माहिती अधिकारात अर्ज करून मिळवावा लागतो. पहिल्या पानावर एकच जागा असेल तर मी नकाशाच लावणार.

चिखलीकर:
लावा. पण आमचं घर कुठल्या रेषेत येतंय हे दिसंल एवढा मोठा लावा. आणि १९८९ च्या पुरापासून आमच्या चिखलीच्या सोनतळीला पुनर्वसनाचा विषय चालू आहे, त्यावर गोष्ट लिहा नाहीतर बातमी, आधी येऊन चार घरं फिरा.