आखूड धड आणि साडीवरचा कंबरपट्टा: घालावा का?

राजवाड्याजवळची: भाचीचं लग्न तोंडावर आलंय, घरात सध्या हाच विषय. माझं मत ठाम आहे. धड आखूड असेल तर साडीवर कंबरपट्टा नको. माझ्या शेवटच्या बरगडीपासून कमरेच्या हाडापर्यंत जेमतेम चार बोटं जागा. त्यात परकराची नाडी, खोचलेली साडी, वर तीन बोटं रुंद पट्टा. मग कंबर दिसणार कुठून? बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो बघून मला रडू आलं होतं. तेव्हापासून परकर बेंबीखाली दोन बोटं बांधते आणि ब्लाउजची उंची १४ इंचांवरून १३ वर आणली. मधे जी मोकळी जागा मिळते, तिनेच कंबर उठून दिसते.

कापडमार्केट: अजिबात पटलं नाही. साडी खाली नेसल्याने धड लांब दिसेल, पण कंबर बारीक दिसेलच असं नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुठेतरी आत वळण दिसलं तरच कंबर बारीक वाटते. तुमचा पट्टा रुंद होता, चूक तिथे झाली. एक बोटाचा, साखळीसारखा, साडीच्या रंगाशी मिळता आणि पुढे जरा खाली उतरणारा घालून बघा.

टक्सवाली: बावीस वर्षं ब्लाउज शिवतेय, म्हणून सांगते. आधी परकर बदला. चुण्यांच्या परकराची नाडी ओढली की सगळं कापड कमरेभोवती गोळा होतं. कळ्यांचा परकर शिवून घ्या, पुढून सपाट, गाठ बाजूला. नाहीतर फिशकट, म्हणजे अंगासरशी बसणारा तयार परकर घ्या.

दुसरं, साडीची वरची कड. आपल्या महेश्वरीत उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा, म्हणून ती अंगाला हलकी बसते. पण दोन्ही बाजूंना रुंद जरीचा काठ असेल तर वरचा काठ कमरेतच खोचला जातो आणि तिथे जाडी वाढते. खळ दिलेली सुती साडी तर निऱ्यांपाशी फुगणारच. ब्लाउज आखूड धडाला कटोरीपेक्षा, म्हणजे वाटीसारख्या गोल शिवणीपेक्षा, प्रिन्सेस कटचा बरा, त्याची शिवण उभी जाते. पदराच्या निऱ्या अरुंद घालून पिन करा, उजव्या कमरेपासून डाव्या खांद्यापर्यंत तिरकी रेघ मिळते.

राजवाड्याजवळची: परकराचं शंभर टक्के पटलं, ताई. पट्ट्याचं नाही. पंगतीला बसलं की तो वर सरकून थेट बरगड्यांवर चढतो. लांब धडाच्या बाईला त्याचा त्रास होत नाही, आम्हाला होतो.

कापडमार्केट: मागून दोन टाके घालून साडीलाच पक्का करा. मी तसाच घालते, पूर्ण लग्नभर हलत नाही.

सराफ्यातली सून: मला हे सगळं वाचून त्रास झाला. माझी सोळा वर्षांची मुलगी आरशासमोर श्वास ओढून उभी राहते. तिला कोण सांगणार की कंबर बारीक दिसायलाच हवी असं नाही? आमच्या आजी नऊवारी नेसून दिवसभर राबल्या. कंबरेच्या गाठीने साडी जागची हलली नाही म्हणजे झालं, एवढंच त्या बघत.

राजवाड्याजवळची: तुमचं बरोबर आहे, आणि रडू आलं होतं असं मी लिहिलं ते तिने वाचू नये असं आता वाटतंय. पण नटण्याची हौस मला आहे, ती मी सोडणार नाही.

टक्सवाली: रविवारी मुलीला घेऊन या. मापं घेताना तिला श्वास सोडूनच उभं करते; ओढलेल्या श्वासाच्या मापाचा ब्लाउज नंतर काचतो.