हाताने घडवलेल्या प्रतिकृती वाघिणींना एवढी किंमत का मिळते? खरेदीपूर्वी सल्ला हवा आहे

रूळवेडा (धागाकर्ता)

नमस्कार. एका दिवंगत संग्राहकाच्या कुटुंबीयांनी विक्रीस काढलेल्या संग्रहातून मला तीन प्रतिकृती मालवाघिणी (मालगाडीच्या डब्यांच्या लहान प्रतिकृती) देऊ केल्या आहेत. तिन्ही एचओ मापाच्या, म्हणजे १:८७ प्रमाणाच्या, आणि अमेरिकी धर्तीच्या ४० फुटी बंद वाघिणी आहेत. पहिली कारखान्यात तयार झालेली प्लॅस्टिकची आहे, दुसरी जपानी बनावटीची पितळी आहे आणि तिसरी कोणा हौशी कारागिराने लाकूड, जाड कागद आणि तार यांपासून संपूर्णपणे हाताने घडवलेली आहे. आश्चर्य असे, की तिसरीची किंमत पितळी वाघिणीपेक्षाही जास्त सांगितली आहे आणि प्लॅस्टिकच्या वाघिणीच्या तर ती कित्येक पट आहे. निव्वळ सामान पाहिले तर तिच्यात मूठभर लाकूड आणि हातभर तार यांपलीकडे काही नाही.

ही किंमत कारागिराच्या मेहनतीची आहे, की संग्राहकांच्या हौसेची? ती रास्त आहे की नाही, हे नवख्याने कशावरून ओळखावे? मला वाघीण कपाटात ठेवायची नसून रुळांवर चालवायची आहे, हेही लक्षात घेऊन जाणकारांनी मार्गदर्शन करावे. आगाऊ आभार.

सांधेवाला

मेहनतीच्या तासांवरून किंमत ठरते, हा समज आधी बाजूला ठेवावा. तासांचा हिशेब केला तर हाताने घडवलेली जवळजवळ प्रत्येक वाघीण कवडीमोलाने विकली जाते असेच म्हणावे लागेल, कारण महिनोन्‌महिने खपून केलेले काम बहुतेक वेळा साध्या कारागिराच्या मजुरीइतकेही पैसे परत देत नाही. ज्या थोड्या वाघिणी अनपेक्षित किमतीला जातात, त्या कष्टांमुळे जात नाहीत. त्या जातात दोन कारणांनी: ती विशिष्ट वाघीण अन्य कोणत्याही मार्गाने मिळत नाही, आणि ती बरोबर आहे यावर घेणाऱ्याचा विश्वास बसतो.

पहिले कारण सोपे आहे. प्लॅस्टिकच्या वाघिणीसाठी पोलादी साचा कोरावा लागतो आणि तो खर्च हजारो नग खपल्याशिवाय भरून निघत नाही. त्यामुळे कारखाना अनेक रेल्वे कंपन्यांनी वापरलेले नमुने निवडतो. एखाद्या लहान रेल्वेने एकदाच बांधून घेतलेल्या पाचपन्नास वाघिणींच्या वाट्याला साचा येत नाही. त्या रेल्वेचा अभ्यास करणाऱ्याला ती वाघीण हवी असेल, तर स्वतः घडवणे किंवा दुसऱ्याने घडवलेली विकत घेणे एवढेच त्याच्या हाती उरते. उद्या कोणी त्याच नमुन्याचा उत्तम साचा काढला किंवा त्रिमितीय छपाईची फाइल उपलब्ध करून दिली, तर हीच किंमत झपाट्याने उतरते, हेही ध्यानात असू द्यावे.

दुसरे कारण समजून घ्यायचे तर वाघीण उलटी करून पाहावी. ४० फुटी वाघीण १:८७ प्रमाणात सुमारे १४ सेंटिमीटर लांब होते. बाजूच्या सव्वातीन इंची फळीची रुंदी एक मिलिमीटरही भरत नाही. शिडीचा पाऊण इंची गज सुमारे ०.२ मिलिमीटर तारेचा करावा लागतो आणि त्या तारेसाठी भोके पाडताना ड्रिलची पाती मोडत राहतात. (अवांतर: प्रत्येक फळी सुटी चिकटवली आहे, अशी जाहिरात वाचून भुलू नये. रेघा ओढलेल्या एकसंध पातळ लाकडातून केलेली बाजू पुष्कळदा अधिक सरळ आणि अधिक खरी दिसते.) हे झाले हाताचे कौशल्य. खरे ज्ञान मात्र तळाशी असते. अमेरिकेत १९३३ पासून, दुसऱ्या कंपन्यांच्या रुळांवरही जायच्या नव्या वाघिणींना एबी प्रकारचा हवेचा ब्रेक सक्तीचा झाला. त्याआधीच्या के प्रकारात सिलिंडर, हवेची टाकी आणि व्हॉल्व्ह एकाला एक जोडून एकाच ओळीत असत. एबी प्रकारात हे तिन्ही भाग तळाला सुटे सुटे टांगलेले असतात आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्यांची मांडणीही निराळी असते. १९५३ नंतर के प्रकारच्या वाघिणी परक्या रुळांवर स्वीकारल्या जात नसत.

आता वाघिणीच्या बाजूवर पाहावे. रिकाम्या वाघिणीचे वजन आणि ते शेवटचे कधी व कोठे केले याची खूण तेथे लिहिलेली असते. पुन्हा वजन झाले की जुन्या आकड्यांवर रंगाचा ताजा चौकोन मारून नवे आकडे लिहिले जात, म्हणून तेवढा तुकडा आजूबाजूच्या मळकट रंगाहून उजळ दिसतो. ज्या कारागिराने तो उजळ चौकोन दाखवला, त्यात १९४९ सालची खूण लिहिली आणि तळाला के ब्रेक बसवला, त्याने जुनी छायाचित्रे आणि आराखडे नीट चाळले आहेत. याउलट खूण १९५६ ची असेल, वाघीण देशभर फिरणाऱ्या कंपनीची असेल आणि तळाला के ब्रेक असेल, तर वरचा रंग कितीही देखणा असो, जाणकार बोली लावणार नाही.

शंटर

वरील प्रतिसादाशी बव्हंशी सहमत आहे; परंतु बाजाराची बाजू त्यात सौम्य मांडली गेली आहे. जालावर दिसणाऱ्या अवाच्या सवा किमती या पुष्कळदा नुसत्या मागितलेल्या किमती असतात. त्या किमतीला वाघीण वर्षभर पडून राहते आणि ती कोणी घेत नाही. म्हणून प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंच्या किमतीच पाहाव्यात. लिलावातील आकडाही जपून वाचावा. तेथे किंमत ठरवतो तो हरलेला गिऱ्हाईक: एकाच वाघिणीसाठी दोघे हट्टाला पेटले तर आकडा आकाशाला भिडतो, आणि त्यांतला एकच जण त्या दिवशी गैरहजर असला तर तीच वाघीण पडत्या भावात जाते. हाताने घडवलेल्या कामाचे तुलनेला दुसरे नग नसल्यामुळे असा एखादा आकडा पुढे भाव म्हणून मिरवला जातो.

नावाचा भाग वेगळा. ब्रिटनमध्ये ब्रॅडफर्डच्या एडवर्ड एक्सली कंपनीच्या ओ मापाच्या (एचओहून मोठ्या) प्रवासी डब्यांना संग्राहक आजही नावानिशी विचारतात, त्याहून अचूक डबे आता बाजारात असले तरीही. अमेरिकेत प्रतिकृती रेल्वेचे नामांकित कारागीर जॉन ॲलन यांचे निधन जानेवारी १९७३ मध्ये झाले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे विख्यात लेआउट (प्रतिकृती रेल्वेची संपूर्ण मांडणी) आगीत नष्ट झाले. त्यांच्या हातची म्हणून सिद्ध होणारी एखादी वाघीण निघाली, तर तिच्या किमतीचा लाकडाशी आणि तारेशी काही संबंध राहणार नाही. धागाकर्त्यांच्या तिसऱ्या वाघिणीला असे नाव नसेल, तर नावाचा भाव देण्याचे कारण नाही.

कागदपत्रे मात्र जरूर मागावीत. अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन ही १९३५ पासूनची संस्था प्रतिकृतींचे परीक्षण १२५ गुणांत करते. बांधणीला ४०, बारकाव्यांना २०, मूळ नमुन्याशी जुळण्याला २५, रंग व अक्षरांना २५ आणि सर्व काही स्वतः घडवण्याला १५ अशी त्यांची वाटणी आहे, ८७.५ गुण मिळाले की गुणवत्तेचे प्रमाणपत्र मिळते. हाताने घडवल्याचे गुण सर्वांत कमी आहेत, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. परीक्षणासाठी भरलेल्या अर्जात कारागिराने कोणते आराखडे वापरले आणि कोणते भाग तयार घेतले हे नमूद केलेले असते. तो कागद वाघिणीसोबत असेल, तर किंमत वाढवून मागण्यात काही तथ्य आहे असे मी मानेन.

रूळवेडा (धागाकर्ता)

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. विक्रेत्यांकडून तळाची आणि बाजूंची छायाचित्रे मागवली. ब्रेकचे तिन्ही भाग एकाच ओळीत आहेत, म्हणजे तो के प्रकार असावा. वजनाच्या खुणेवरचे साल १९४८ आहे आणि तो चौकोन खरोखरच उजळ आहे. परीक्षणाचा कागद त्यांना सापडलेला नाही, मात्र पेन्सिलीने खुणा केलेला एक आराखडा आणि मूळ वाघिणीची दोन छायाचित्रे पेटीत निघाली आहेत. एक शंका अशी की तळाच्या मध्यभागी फळ्या किंचित फुगल्या आहेत आणि फटीतून पांढरट भुकटी डोकावते. ही बुरशी असावी का? शिवाय, पितळी वाघीणही हातानेच जोडलेली असते असे ऐकले. मग ती स्वस्त का?

जुना_डबा

ती बुरशी नसावी. शिशाची भुकटी असण्याची शक्यता अधिक आहे आणि ही गोष्ट गंभीर आहे. वाघीण रुळांवर स्थिर राहावी म्हणून आत वजन टाकतात. जुन्या काळी त्यासाठी शिशाचे छर्रे पांढऱ्या लाकडी गोंदात, म्हणजे पीव्हीए गोंदात, कालवून तळाशी ओतण्याची पद्धत होती. या गोंदातून निघणारे ॲसेटिक आम्ल शिशाला खाते, त्यावर पांढरा क्षार तयार होतो, आणि तो मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापत असल्यामुळे हळूहळू तळ व बाजू उकलत जातात. भुकटी विषारी असते. तिच्यावर फुंकर मारू नये, हातमोज्यांशिवाय हात लावू नये, जेवणाच्या टेबलावर तर वाघीण मुळीच उघडू नये आणि लहान मुलांना तिच्यापासून दूर ठेवावे. काम ओल्या कापडाने करावे, म्हणजे भुकटी उडत नाही.

दुरुस्ती शक्य आहे. छप्पर किंवा तळ सोडवून शिसे काढून टाकावे लागते आणि त्याच्या जागी पोलादाचे तुकडे इपॉक्सीने बसवावे लागतात. वजन किती ठेवावे, याचा त्याच असोसिएशनचा एक सोपा संकेत आहे: एचओ मापात मुळात १ औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. तुमची वाघीण साडेपाच इंचांची धरली तर पावणेचार औंस, म्हणजे सुमारे १०६ ग्रॅम. छप्पर न मोडता निघेल की नाही, हे ते कशाने चिकटवले आहे यावर अवलंबून असल्यामुळे, ही जोखीम किमतीतून वजा व्हायला हवी.

चालवायची आहे म्हणता, तर चाके मोजून घ्या. एचओ मापाच्या नेहमीच्या चाकाची रुंदी सुमारे २.८ मिलिमीटर असते, अलीकडे अनेक जण २.२ मिलिमीटरची वापरतात आणि हुबेहूब प्रमाणाचा आग्रह धरणारे १.६ मिलिमीटरच्या आसपासची. शेवटच्या प्रकारची चाके नेहमीच्या सांध्यांवर, रूळ एकमेकांना छेदतात तेथील फटीत, आपटतात आणि घसरतात. तशी निघाल्यास बोगी (म्हणजे डबा नव्हे, त्याखालचा चाकांचा सांगाडा) बदलणे सोपे आहे. मात्र मूळ बोगी आणि कपलर (वाघिणी एकमेकींना जोडणारे आकडे) पेटीत जपून ठेवावेत, कारण पुढे विकताना ते मागितले जातात.

सांधेवाला

पितळीबद्दल. तीही हातानेच जोडलेली असते हे खरे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील लहान कार्यशाळांनी अमेरिकी आयातदारांसाठी पितळी पत्रे आणि ओतीव भाग डाख देऊन जोडण्याचे काम मोठ्या प्रमाणावर केले, आणि तेथील मजुरी वाढल्यावर ते बरेचसे कोरियात गेले. परंतु त्या वाघिणी तुकडीने निघत, त्यामुळे तोच नमुना पुन्हा बाजारात येतो आणि तुलनेला भाव उपलब्ध असतो. शिवाय जुन्या पितळी वाघिणीवरचे कित्येक बारकावे आजच्या चांगल्या प्लॅस्टिकच्या वाघिणीवर अधिक नाजूक दिसतात. इंजिनांचे गणित वेगळे आहे, पण तो या धाग्याचा विषय नाही.

तुमच्या तिसऱ्या वाघिणीचे म्हणाल तर ब्रेक आणि साल जुळते, आराखडा आणि छायाचित्रे सोबत आहेत, तेव्हा कारागीर अभ्यासू होता यात मला शंका नाही. अशा वेळी आराखड्याला वाघिणीइतकेच महत्त्व द्यावे आणि तो सौद्यात लेखी नमूद करून घ्यावा. शिशाबद्दल विक्रेत्यांना स्पष्ट सांगावे. त्यांच्या घरच्यांच्या प्रकृतीसाठीही ते आवश्यक आहे, आणि त्याच संग्रहातील इतर वाघिणींतही तोच गोंद असण्याचा संभव आहे. त्यांनी सांगितलेली किंमत निर्दोष वाघिणीची असेल, तर ती मी देणार नाही. पितळी वाघिणीला तुम्ही जेवढे देणार असाल, तेवढ्यावर येण्याची विनंती करावी, आणि ते तयार नसतील तर छप्पर त्यांच्याच खर्चाने एखाद्या जाणत्याकडून उघडून घेऊन मग बोलावे.

रूळवेडा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. पितळी वाघीण सोडून दिली आहे. तिसरीसाठी शिशाची गोष्ट सांगून कमी किंमत कळवली आहे आणि आराखड्यासह सौदा व्हावा अशी अट घातली आहे. छप्पर उघडण्यापूर्वी गोंदाचा प्रकार ओळखण्याची काही खात्रीची रीत असल्यास जुना_डबा यांनी सांगावी.

जुना_डबा

आतल्या कडेला, रंग नसलेल्या जागी, ओल्या कापसाचा बोळा पाच-दहा मिनिटे टेकवून ठेवा. गोंद दुधाळ होऊन मऊ पडला तर तो पीव्हीए आहे आणि ओलावा व संयम यांनी छप्पर निघेल, मात्र लाकूड फुगू नये म्हणून पाणी थेंबाथेंबानेच द्यावे. काहीच फरक पडला नाही तर इपॉक्सी किंवा सायनो (झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद) असण्याची शक्यता धरावी. मग छपराला हात न लावता तळाची मधली फळी कापून शिसे खालूनच काढावे, कारण ती जागा ब्रेकच्या नळ्यांआड झाकली जाते.