अनुभव धागा: खिमा-पास्ता, घरचा आणि खिशाला परवडणारा

मंडळी, रविवारी रात्री पोळ्या लाटायचा कंटाळा आला की आमच्याकडे खिमा-मॅकरोनी होते. परवा ती अशी काही फसली की म्हटलं धागा काढायलाच हवा. पाव किलो चिकन खिमा आणलेला, घरी येऊन धुतला (आई धुवायची म्हणून मी पण धुते), नीट निथळूसुद्धा दिला नाही, तसाच कांद्यावर टाकला आणि वर झाकण. दहा मिनिटांनी बघते तर कढईत राखाडी पाणी आणि त्यात खोडरबराच्या चुऱ्यासारखे गोळे. वास पण उकडल्यासारखा. मग झाकण बाजूला, गॅस मोठा आणि उलथन्याच्या टोकाने गोळे फोडत उभी राहिले. एक कळलं, खिमा कानाने शिजवायचा. पाणी आहे तोवर खदखद आवाज येतो, पाणी आटलं की चरचर सुरू होते, आणि ती चरचर ऐकल्याशिवाय आलं-लसूण, तिखट, टोमॅटो काही म्हणजे काही घालायचं नाही.

माझं माप: पाव किलो खिमा, ३०० ग्रॅम मॅकरोनी, तीन कांदे, चार टोमॅटो, एक किसलेलं गाजर. चौघांचं पोटभर होतं, मागच्या वेळी सगळं दोनशेच्या आत बसलं.

आता तुमचे अनुभव येऊ द्या. फसलेले आधी लिहा, जमलेले सगळेच सांगतात.

पीजीतला_बल्लव
कर्वेनगरला राहतो, एक इंडक्शन, एक नॉनस्टिक कढई, तीन रूममेट. पहिल्यांदा पास्ता गार पाण्यात टाकून मग इंडक्शन लावलं आणि मी बाहेर फोनवर. परत आलो तर पतंगाच्या खळीसारखं काहीतरी झालेलं, चमचा उभा राहत होता त्यात. खाल्लं अर्थात, महिनाअखेर होती. आता सगळं एकाच कढईत करतो, खिमा परतून झाला, टोमॅटो गळला की कच्ची मॅकरोनी त्यातच टाकायची, एक वाटीला दोन वाट्या कडकडीत गरम पाणी, मीठ, आणि दर दोन मिनिटांनी तळापासून ढवळायचं. पाणी पास्त्यातच मुरतं त्यामुळे मसाला आतपर्यंत लागतो आणि भांडं पण एकच घासायला लागतं, ज्यावरून आमच्याकडे खरी भांडणं होतात.

दोन_शिट्ट्या
मी कुकरवाली. मटण खिमा असेल तर आधी तीन शिट्ट्या, मग उघडून पास्ता, बुडेल एवढंच पाणी, आणि एकच शिट्टी. पण नीट ऐका, कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही आणि चमचाभर तेल घालायचंच, कारण पास्त्याचा फेस येतो आणि तो शिट्टीत जाऊन बसतो. मी एकदा गळ्यापर्यंत भरला होता. शिट्टीतून लाल कारंजं, टाइल्सवर, घड्याळावर, नवऱ्याच्या इस्त्रीच्या शर्टावर. घड्याळाच्या काचेवर अजून एक ठिपका आहे.

@धागाकर्ती, खिमा झाल्यावर कशाला धुता? पाणी धरून बसतो तो, शिवाय कच्च्या चिकनचे शिंतोडे सिंकभर उडतात ते वेगळंच. मी तर धुवतच नाही, नीट शिजवते, गुलाबी काही राहता कामा नये.

बन्सी_रवा
पाकिटावर ड्युरम लिहिलंय का ते बघून घ्या. ड्युरम म्हणजे कोणी परका नाही, आपला बन्सी गहू. कडक असतो, म्हणून पास्ता शिजला तरी दाताला लागतो. मैद्याचा सुटा पास्ता स्वस्त मिळतो, पण मिनिटभर इकडेतिकडे झालं की लगदा. पैसे वाचवायचेच तर मांसात वाचवा, पास्त्यात नको.

आणि पाकिटावर नऊ मिनिटं लिहिलंय म्हणून नऊ मिनिटांनी काढून ‘कच्चा राहिला’ म्हणू नका. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. मी एखादं मिनिट जास्त देतो आणि एक नळी दाताखाली घालून बघतो. (बायको म्हणते नुसती चव बघ ना, भूगोल कशाला.)

रुखवताची_हौस
आमच्या आजेसासूबाई शुद्ध शाकाहारी, त्यामुळे खिम्याची कढई वेगळी, ती बाल्कनीतल्या कपाटात. मी पहिल्यांदा मॅकरोनी आणली तेव्हा त्यांनी एक नळी उचलली, चष्मा वर करून आरपार बघितलं आणि विचारलं, “सरगुंडं का गं? कुठल्या काडीवर वळलंय?” मग दुपारभर मला त्यांच्या माहेरच्या मालत्या, नखुल्या, गव्हले, सगळं ऐकायला मिळालं, नखाने एकेक वळायच्या म्हणे आणि रुखवतात मांडायच्या. पास्ता आपल्याला नवीन वगैरे काही नाही हो, चकोल्या काय वेगळ्या असतात? आता पास्ता उकडला की खिम्यात जायच्या आधी एक वाटी त्यांच्यासाठी बाजूला निघते. वर तूप, पिठीसाखर. चमच्याने नाही खात, बोटांनी एकेक नळी उचलून.

खडूस_पेठी
कोणीतरी बोलायलाच हवं म्हणून बोलतो. वरच्या कशालाही बोलोन्येज म्हणू नका, उगाच हॉटेलच्या मेनूवर वाचून. १७ ऑक्टोबर १९८२ ला इटलीतल्या बोलोन्या शहरात त्या खिम्याच्या रश्श्याची पाककृती रीतसर नोंदवून ठेवलीये. त्यात गाजर-कांदा-सेलरी, गोमांस, वाइन आणि दूध आहे, लसूण नाही. आणि तिथे तो तालियातेल्ले नावाच्या चपट्या पट्ट्यांबरोबर खातात.

हे सांगून झाल्यावर कबूल करतो की दुधाची कल्पना मी उचलली. पहिल्या वेळी उकळत्या टोमॅटोत थंड दूध ओतलं, फाटलं, पनीर-खिमा झाला. आता टोमॅटोच्या आधी, परतलेल्या खिम्यावर अर्धी वाटी दूध घालतो आणि पूर्ण आटवतो. चिकन खिमा कोरडा पडतो तो पडत नाही आणि टोमॅटोचा आंबटपणा पण बसतो. तिखट मात्र कांदा-लसूण मसाल्याचंच. बोलोन्याकर काय म्हणायचं ते म्हणोत.

अर्धं_अर्धं
आमच्याकडे सहा माणसं आणि खिमा तेवढाच, पाव किलो. सोया ग्रॅन्युल्स गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळून निम्मे मिसळते, मुलांना दोन वर्षं पत्ता नव्हता. श्रावणात नुसते सोयाचे केले तेव्हा धाकटा म्हणाला, आई आजचा खिमा नेहमीसारखाच झालाय. गप्प बसले.

कॅम्पातली
मी शिवाजी मार्केटमधून आणते. तुकडा आधी निवडायचा, दुकानातच धुऊन पुसून घ्यायचा आणि समोर उभं राहून त्याचाच खिमा करून घ्यायचा. तयार ढिगातला घ्यायचा नाही, एकदा घेतला होता, निम्मी चरबीच निघाली, पास्त्यावर तेलाचा तवंग.

उरला तर दुसऱ्या दिवशी पास्ता सगळा रस पिऊन बसतो, डब्यात नेला की ढेकळं. म्हणून पास्ता वेगळा उकडत असाल तर त्याचं पाणी वाटीभर ठेवा, सकाळी तेच घालून गरम करायचा. किंवा सरळ पावात भरून तव्यावर दाबायचा.

धागाकर्ती
@कॅम्पातली, हे धुऊन मग खिमा करायचं डोक्यातच आलं नव्हतं! @खडूस_पेठी, दूध घालून बघते, लसूण मात्र काढणार नाही. आणि @रुखवताची_हौस, आजींना विचाराल का, मालत्या अजून कुणी घरी करून देतं का पुण्यात?