कार्डाच्या पॉइंटांवर घरच्यांची विमान तिकिटं : बेळगाव परिसरातले अनुभव

गेल्या मे महिन्यात आई, बाबा, सासूबाई आणि मी, अशी चौघं दिल्लीहून थेट सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, उतरलो. तिकिटांचा निम्म्याहून जास्त भार क्रेडिट कार्डाच्या बोनस पॉइंटांनी उचलला. तेव्हापासून भाजी घेताना, शाळेच्या फाटकात, लग्नाच्या पंगतीत कुणी ना कुणी विचारतंच, "कसं जमवलंत ओ?" प्रत्येकाला तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा माझं इथे सगळं लिहिते. तुम्हीही लिहा. किती पॉइंट, रोख किती गेली, विमानतळ कुठला, काय फसलं. आपल्या भागातल्या माणसांचेच अनुभव हवेत, कारण पुण्या-मुंबईची गणितं इथे लागू पडत नाहीत.

ती का लागू पडत नाहीत ते आधी सांगते. सांबऱ्याची धावपट्टी १९४२ पासूनची, नवं टर्मिनल २०१७ चं, पण विमानांची वर्दळ खरी वाढली ती छोट्या शहरांना विमानानं जोडणाऱ्या सरकारी 'उडान' योजनेनंतर, २०१९ पासून. त्यातली बरीच विमानं छोट्या प्रादेशिक कंपनीची. कार्डं मात्र मोठ्या कंपन्यांच्या नावाची. म्हणजे पॉइंट एका कंपनीकडे आणि आपल्या दारातून उडणारं विमान दुसऱ्या कंपनीचं, असं सर्रास होतं. कार्ड घेण्याआधी मी कागदावर एवढंच लिहिलं होतं : कुठे जायचं, कोण कोण, सांबऱ्याहून तिकडे कुठली कंपनी जाते. त्या कागदानं निम्मं काम केलं.

आमचं ठिकाण हरिद्वार. जाताना गोवा एक्सप्रेस, बेळगाव ते निजामुद्दीन. दोन रात्रींचा प्रवास बाबांना आवडतो, खिडकीशी बसून स्टेशनं मोजतात. पण परतीला त्यांचे गुडघे ऐकणार नाहीत हे ठाऊक होतं, म्हणून सगळे पॉइंट परतीसाठी राखले. दिल्ली-बेळगाव थेट विमान २०२३ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झालं, त्यामुळे मध्ये बदलायची भानगड नव्हती.

कार्डाची पहिल्या वर्षाची फी तीन हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४० रुपये. पहिल्या नव्वद दिवसांत ठरलेली खरेदी केली की बोनस. आमच्या स्वयंपाकघराचं काम तेव्हाच निघालं होतं. फरशी, सिंक, फ्रिज, शिवाय धाकट्याची शाळेची फी, हे सगळं कार्डावर घेतलं. हा खर्च होणारच होता, आणि त्याचे पैसे खात्यात बाजूला काढून ठेवलेले होते. बोनस आणि वर्षभराच्या वाणसामानाचे पॉइंट मिळून १७,५०० झाले. माझ्या कार्डात एक पॉइंट म्हणजे एक रुपया असा सरळ हिशोब आहे. चौघांची तिकिटं २८,४०० रुपयांची होती, रोख गेले १०,९००. कार्डाची फी वजा केली की खरी बचत १३,९६० रुपये. "फुकटात विमान" असं कुणी म्हटलं की मी हाच आकडा सांगते.

एक मात्र समजून घ्या, पॉइंटांचे दोन प्रकार असतात. एक माझ्यासारखा, रुपयात मोजायचा. तिकीट स्वस्त असेल तर पॉइंट कमी लागतात, दिवाळीत महागलं की जास्त. दुसऱ्यात कंपनी काही मोजक्याच जागा पॉइंटांसाठी ठेवते. त्या मिळाल्या तर उत्तम, पण कर आणि विमानतळाचं शुल्क रोखीनंच भरावं लागतं. चार जणांना एकाच विमानात अशा जागा मिळणं अवघड. दोन मिळतात, मग बाकीच्या दोघांचं तिकीट काढायचं की बेत पुढे ढकलायचा, यावर घरात रात्रभर चर्चा.

आता तुमचं सांगा.

निपाणीहून

ताई, पैशाचा हिशोब तुम्ही मांडलात, मी नावाचा मांडतो. आपल्याकडे हीच अडचण मोठी आहे. माझ्या आधारवर नाव कर्नाटकी पद्धतीनं आहे : आधी माझं नाव, मग वडिलांच्या आणि गावाच्या नावाची आद्याक्षरं. पॅनवर आडनावासकट पूर्ण. वडिलांच्या आधारवर आडनाव आहे पण मधलं नाव नाही. विमान कंपनीच्या सदस्यखात्यात पॅनप्रमाणे नाव घातलं आणि कार्डावर बँकेनं आधारप्रमाणे छापलं. पॉइंट खात्यावर चढेनातच. दोन महिने फोन, ईमेल, स्कॅन केलेले कागद.

त्याआधी अर्जच अडला होता. १ नोव्हेंबर २०१४ पासून जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे बेळगावी झालं, पण घराच्या जुन्या कागदांवर बेळगाव. बँकेच्या माणसाला ही दोन वेगळी गावं वाटली. शेवटी हेस्कॉमचं ताजं वीजबिल दिलं तेव्हा सुटलं. सांगायचं एवढंच की कार्डाचा अर्ज भरण्याआधी घरातल्या प्रत्येकाचं आधार आणि पॅन समोर ठेवून नावाची स्पेलिंगं एकसारखी करून घ्या. तिकीट आधारवर आहे त्याच नावानं काढा. वडिलांच्या तिकिटावर मी एक अक्षर चुकवलं तर दुरुस्तीसाठी पैसे मोजावे लागले, पॉइंटांचं तिकीट असूनसुद्धा.

उद्यमबाग, बेळगाव

माझा अनुभव वाईट आहे, तरी लिहितो, कारण आमच्या फाउंड्रीवाल्यांत हे बऱ्याच जणांचं झालंय.

कार्डावर अशी योजना होती की वर्षात ठरावीक रकमेचा टप्पा गाठला की एक तिकीट मिळणार. मार्च संपायला वीस दिवस राहिले आणि टप्प्याला १,३०,००० रुपये कमी. मुलाला आणि बायकोला दिल्ली दाखवायची होती. ओतकामाचं कच्चं लोखंड, पिग आयर्न, तर घ्यायचंच होतं, म्हणून कार्डावर घेतलं. पुरवठादारानं कार्डाचे दोन टक्के वेगळे लावले, २,६०० रुपये. ज्या गिऱ्हाइकाच्या कास्टिंगचे पैसे एप्रिलमध्ये येणार होते ते आले जूनमध्ये. दोन महिने मी फक्त 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलावरची किमान रक्कम, भरत राहिलो. तेवढं भरलं की काम झालं असं मला खरंच वाटायचं.

तसं नसतं. महिना साडेतीन टक्के व्याज, तेही बिलाच्या तारखेपासून नाही, खरेदीच्या दिवसापासून. १,३०,००० वर महिन्याला ४,५५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ८१९. दोन महिन्यांचे साडेदहा हजारांच्या वर गेले. शिवाय थकबाकी असताना नवीन खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, घरच्या किराण्यावरसुद्धा व्याज लागलं. तिकीट मिळालं ते एक, सात-साडेसात हजारांचं. बायको आणि मुलगा दोघं जायचे होते, म्हणून दुसरं तिकीट रोखीनं काढलं.

धंद्याचे पैसे फिरते असतात, त्यांच्या भरवशावर टप्पा गाठायला जाऊ नका. आणि कार्ड बंद करायचं असेल तर बाकी शून्य करून लेखी मागणी करा. रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे की सात कामकाजाच्या दिवसांत बंद केलं नाही तर बँकेनं दिवसाला ५०० रुपये द्यायचे. मी ईमेलमध्ये हा नियम लिहिला, चौथ्या दिवशी बंद झालं.

(धागाकर्ती : दादा, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. मी बिलाची पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप वळती होईल अशी सोय पहिल्याच दिवशी केली होती. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, सरकारी भरणा, यांवर बहुतेक कार्डांत पॉइंट मिळत नाहीत किंवा टप्प्यात धरत नाहीत, तेही आधी वाचून घ्या.)

हल्याळहून, थोडक्यात

आम्हाला हुबळी जवळ. दोन मोठी तिकिटं पॉइंटांवर, मुलगी मांडीवर. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला वेगळी जागा नसते, थोडं शुल्क असतं आणि ते आम्ही रोखीनं भरलं. पण परतीच्या तारखेआधी अकरा दिवस तिचा दुसरा वाढदिवस येत होता. दोन वर्षं पूर्ण झाली की स्वतःची जागा, पूर्ण तिकीट. काउंटरवर कळलं असतं तर काय झालं असतं या विचारानं अजून धस्स होतं. वेळेत लक्षात आलं म्हणून परतीचं तिसरं तिकीट काढता आलं. लहान मूल असेल तर परतीच्या दिवशीचं वय मोजा.

खानापूर तालुका

मी शिक्षिका. माझी मुलगी दिल्लीत असते. जुलैत, तिच्या बाळंतपणाची तारीख सप्टेंबरची असताना, रात्री साडेदहाला जावयांचा फोन आला, दवाखान्यात दाखल केलंय. आवाजावरून कळलं की थांबायची वेळ नाही.

यजमान तिकिटं बघायला लागले. दुसऱ्या दिवशीचं भाडं नेहमीच्या तिप्पट. आमच्याकडे पाच वर्षांपासूनचं कार्ड होतं, पॉइंट कधी वापरले नव्हते, नातवंडाच्या बारशाला सगळे मिळून जाऊ म्हणून साठवलेले. त्या कार्डाच्या योजनेत पॉइंटांच्या जागांचा दर ठरलेला होता, रोखीचं भाडं वाढलं म्हणून पॉइंट वाढत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा हे डोळ्यांनी बघितलं. सांबऱ्याहून जागा नव्हती, हुबळीहून नव्हती, गोव्यातल्या दाभोळीहून संध्याकाळची होती. गोव्याच्याच दुसऱ्या विमानतळाहून, मोप्याहून, सकाळी सव्वादहाची एक जागा दिसली. एकच. यजमान म्हणाले, तू जा, मी रेल्वेनं येतो.

पहाटे तीनला निघालो. जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ल्याचा घाट. पावसानं काच दिसत नव्हती, धुकं इतकं की शेजारच्या पोराला खाली उतरून टॉर्च धरून पुढे चालावं लागलं, दोन वळणं तसंच काढली. साखळीला उजाडलं. विमानतळावर पोचलो तेव्हा मला दोन तास मोकळे होते, पण चहासुद्धा घशाखाली उतरला नाही.

कर आणि शुल्क मिळून दोन हजारांच्या आत गेले. गाडीभाडं त्याहून जास्त. दुपारी तीनला मी तिच्या खाटेशी होते. नात संध्याकाळी झाली, पावणेदोन किलोची. तीन आठवडे काचेच्या पेटीत होती.

कुणी मला विचारलं की पॉइंट कशासाठी साठवावेत, तर मी सांगते की एका माणसाचं एका बाजूचं तिकीट निघेल इतके खात्यात कायम असू द्या, सहलीला हात लावू नका त्यांना. आणि ते मरत नाहीत ना हे दर वर्षी बघा. माझे पुढच्या मार्चला बाद होणार होते, हे मला त्या रात्री खातं उघडल्यावर कळलं.

अथणी

बाईंचं वाचून डोळे भरले. नात आता कशी आहे?

माझ्याकडे विस्ताराचं कार्ड होतं. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि पॉइंट तिकडच्या खात्यात गेले. मला भीती होती, कारण २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडली तेव्हा आमच्या भावकीतल्या एकाची काढलेली तिकिटं अडकली होती. माझे पॉइंट सगळे पोचले. दोन्ही खात्यांतलं नाव आणि मोबाइल नंबर एकच होता, म्हणून त्रास झाला नाही. निपाणीच्या दादांनी नावाचं सांगितलंय ते यासाठीही लक्षात ठेवा.

(खानापूर : दोन वर्षांची होईल. धावते. आजीला 'आई' म्हणते.)

अनगोळचा, सध्या बेंगळूर

आजी ८१ वर्षांची. तिला बेंगळूरला आणायचं होतं, राणी चन्नम्मा एक्सप्रेसची रात्र तिला आता झेपत नाही. फोनवर मला म्हणाली, "एवढा खर्च कशाला करूलायस?" मी सांगितलं, खर्च नाही आजी, साठलेले आहेत.

सांबरा ते बेंगळूर, तिचं आणि आईचं तिकीट माझ्या खात्यातून काढलं. आपल्या पॉइंटांवर दुसऱ्याचं तिकीट निघतं, पण काही ठिकाणी त्या माणसाची नोंद आधी करावी लागते आणि नोंद झाल्यावर काही दिवस थांबावं लागतं. मी जायच्या आठवड्यात बघितलं असतं तर अडकलो असतो. दुसरं म्हणजे व्हीलचेअर. पॉइंटांचं तिकीट असलं तरी ती मिळते, वेगळे पैसे लागत नाहीत. मी तिकीट काढल्या दिवशीच वेबसाइटवर नोंदवली, दोन दिवस आधी फोन करून पुन्हा खात्री केली. आईच्या हातातल्या पिशवीत लोणच्याची बरणी होती, ती तपासणीत काढून घेतली. लोणचं सामानाच्या बॅगेतच घाला. कुंद्याचा डबा मात्र हातातून आला.

आजी खिडकीशी बसली. खाली उतरल्यावर पहिलं वाक्य, "आपली शेतं वरून लई बारीक दिसतात रे." आता परतीचे पॉइंट पुढच्या बिलानंतर जमा होणार आहेत. तोवर ती इथेच थांबायचं म्हणते, आणि आई रोज विचारते, बिल कधी येणार.