मॅक्रोसाठी आधी एक्स्टेन्शन ट्यूब की थेट मॅक्रो लेन्स?

सड्यावरचा: नव्या मुलांनी मॅक्रोचं, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायचं, नाव काढलं की सगळे एकच सांगतात, "मॅक्रो लेन्स घे." मला हे अजिबात पटत नाही. ट्यूब म्हणजे पोकळ नळी, आत काच नाही. ती लेन्सला सेन्सरपासून दूर नेते, म्हणून जवळचं फोकस होतं. विषय सेन्सरवर किती पट येईल? नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंथ, एवढाच हिशोब. ५० मिमीला ३६ मिमीची नळी लावली की ०.७२ पट, त्यात लेन्सचे स्वतःचे ०.१५ मिळवा. जवळजवळ लाइफ साइज, म्हणजे विषय जेवढा तेवढाच सेन्सरवर! कासच्या पठारावर सीतेची आसवं ही फुलं मी अशीच टिपली. पाकळीवरचे थेंब स्वच्छ आले.

रानवाट: फुलं पळत नाहीत, म्हणून जमलं. त्या जोडणीत लेन्सच्या तोंडापासून विषयापर्यंत तळहाताएवढीही जागा उरत नाही. आंबोलीत पावसाळी रात्री बेडकासमोर लेन्स इतकी जवळ नेली की तो एक तर उडी मारतो, नाही तर घाबरून अंग चोरतो. १०० मिमी मॅक्रो लाइफ साइजलाही १३ ते १५ सेंटिमीटर अंतर देते. शिवाय नळी लावली की लांबचं फोकस जातं. मग भर पावसात नळी काढा-घाला करायची आणि सेन्सर उघडा टाकायचा. पैसे वाचवायला हे करू नये, असं माझं स्पष्ट मत.

भिंगवेडी: प्रकाश राहिलाच की. लाइफ साइजला दोन स्टॉप जातात, म्हणजे प्रकाश पावच उरतो. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/१६ ठेवलं तर प्रत्यक्षात एफ/३२, चित्र मऊ पडतं.

सड्यावरचा: प्रकाशाचं खरं, पण तो दोष नळीचा नाही. मॅक्रो लेन्सचाही लाइफ साइजला जवळपास तेवढाच प्रकाश जातो. फ्लॅश आणि तो प्रकाश मऊ करणारा डिफ्युजर दोघांनाही लागतो. मी एफ/८च्या पुढे सहसा जात नाही. मात्र कॅमेरा आणि लेन्स जोडणारे विजेचे कॉन्टॅक्ट नसलेली स्वस्त नळी कुणी घेऊ नये. आजच्या बहुतेक लेन्सचं अ‍ॅपर्चर त्यात बदलताच येत नाही.

चतुरमित्र: तुम्ही दोघं ५० मिमीवरच अडून बसलात. माझ्या ३०० मिमीला तीच ३६ची नळी ०.१२ पटच वाढवते, पण मीटरभर लांबून चतुर चौकटीत भरतो आणि पाणवठ्यावरून उठतही नाही. हे १०० मिमी मॅक्रोने करून दाखवा.

रानवाट: चतुराचं मान्य. पण नवा मुलगा ३०० मिमी घेऊन येत नाही, त्याच्याकडे ५० असते. तो कासला फुलासाठी आडवा झाला की कोपराखाली दवबिंदू या वनस्पतीची दहा रोपं चिरडतो. त्याला जवळ जायला लावणारं साधन मी तरी सुचवणार नाही.

सड्यावरचा: हे मात्र मला लागलं. पठारावर मीही आडवा झालोय. बेडकांसाठी ५० आणि नळी हा सल्ला मागे घेतो. पण ८५ मिमीला ३६ची नळी लावली तर अर्ध्या लाइफ साइजला वीतभर अंतर मिळतं, वाटेवर उभं राहून वाकलं तरी चालतं. कुणाकडे ८५ असेल तर याच मोसमात करून बघा आणि फोटो इथे टाका. मॅक्रो लेन्स त्यानंतर ठरवू.