मदत हवी आहे: ७२ च्या नोव्हाला किती स्टॉलचा टॉर्क कन्व्हर्टर घ्यावा? (तातडीचं)

नोव्हावाला (ट्रॉय, मिशिगन)
मंडळी, जरा लवकर उत्तर हवंय. १९७२ ची शेवरले नोव्हा, ३५० घनइंची इंजिन, ऑटोमॅटिक. हिवाळ्यात कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलला, चार बॅरलचा कार्ब (कार्ब्युरेटर) आणि हेडर्स (एक्झॉस्टचे पाइप) टाकले. तेव्हापासून सिग्नलला 'डी'मध्ये उभी राहिली की अशी थरथरते की आरशात मागची गाडी ओळखू येत नाही. दर तिसऱ्या सिग्नलला बंद पडते. आयडल (उभ्या गाडीत इंजिनाचा वेग) वाढवला तर 'पी'मधून 'डी'मध्ये टाकताना मागून कुणी लाथ घातल्यासारखा दणका बसतो आणि ब्रेकवर अक्षरशः उभं राहावं लागतं. दुकानातला पोरगा म्हणाला, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) बदला, ३००० आरपीएम स्टॉलचा घ्या. ऑनलाइन पाहिलं तर २००० पासून ४००० पर्यंत सगळे आहेत. नक्की कुठला मागवू? ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ (जुन्या गाड्यांची फेरी), त्याच्या आत गाडी रस्त्यावर हवी. 'गूगल करा' म्हणू नका, केलंय.

तेलकट_हात
मागच्या ॲक्सलचा रेशो (चाकांच्या एका फेऱ्याला ड्राइव्हशाफ्टचे फेरे)? टायर? कॅमचे आकडे? गिअरबॉक्स ३५० की ४००? पायाचा नंबर न सांगता चप्पल मागताय.

नोव्हावाला
गिअरबॉक्स टीएच३५०. कॅम २६८. टायर नेहमीचे १५ चे. रेशो कंपनीतून आला तोच, मी हात लावलेला नाही. आता सांगा.

वेगवान_विन्या (डॅलस)
३००० घ्या, डोळे मिटून. माझ्या ७० च्या चेव्हेलला तोच आहे. सिग्नल सुटला की गाडी जी उठते! २००० वगैरे आजोबांच्या गाडीला.

तेलकट_हात
@नोव्हावाला, २६८ कुठला? जाहिरातीतला की ०.०५० इंच लिफ्टला मोजलेला? पहिला असेल तर कॅम मवाळ आहे, दुसरा असेल तर तुम्ही रेसचा कॅम घातलाय आणि ही चर्चाच वेगळी. कॅमसोबत एक कार्ड येतं, ते शोधा.
@विन्या, तुमचा मागचा रेशो किती?

वेगवान_विन्या
३.७३. का?

तेलकट_हात
म्हणूनच.

कोथरूडकर
छान धागा. माझ्या माहितीप्रमाणे भारतात एएमटीच (क्लच-गिअर आपोआप बदलणारी मॅन्युअल) बरी, मायलेज मॅन्युअलइतकं मिळतं. २०१४ ला सेलेरिओत आली तेव्हापासून घरी आहे. फक्त गिअर बदलताना मान डुलते. टॉर्क कन्व्हर्टर मऊ चालतो पण पेट्रोल पितो. बायकोसाठी घ्यायची असेल तर एएमटी घ्या.

नोव्हावाला
काका, गाडी घ्यायची नाहीये, आहे ती चालवायची आहे 🙏
कार्ड सापडलं. २६८/२८० मोठ्या अक्षरात, खाली बारीक अक्षरात ०.०५० ला २२४/२३०. लोब सेपरेशन ११०. पॉवर रेंज १६०० ते ५८००. रेशो कसा कळणार? ॲक्सलवरचा नंबर गंजून गेलाय.

गिअरकाका (ओहायो)
जॅक लाव, मागची दोन्ही चाकं अधांतरी, खाली स्टँड. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नकोस आणि पुढच्या चाकांना अडसर लाव. गिअर न्यूट्रलमध्ये. ड्राइव्हशाफ्टवर खडूची रेघ ओढ. एक चाक कुणाला तरी घट्ट धरून ठेवायला सांग, दुसरं बरोबर दोन फेरे फिरव. तेवढ्यात शाफ्ट जितके फेरे फिरला तो तुझा रेशो. हे साध्या, ओपन डिफरेन्शियलला लागू. एक चाक धरल्यावर दुसरं फिरतच नसेल तर पॉझी (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं डिफरेन्शियल) आहे, मग दोन्ही चाकं मिळून एक फेरा.

तोवर एक विचारतो. कार्ब आणि कॅम घातल्यावर इनिशियल टायमिंग (आयडलला ठिणगी किती अंश आधी) किती ठेवलंस? आणि गिअरबॉक्सवरच्या मॉड्युलेटरला व्हॅक्यूमची नळी कुठून घेतलीस?

मराठीप्रेमी
अवांतर: टॉर्कला मराठीत 'आघूर्ण' आहे ना? 'आघूर्ण परिवर्तक' काय वाईट आहे?

तेलकट_हात
दुकानात जाऊन मागून बघा. काय हातात ठेवतात ते इथे कळवा. (दिवे घ्या.)

सुलक्षणा_आय७५
विन्या आणि बाकीच्यांना: स्टॉल ३००० म्हणजे ३००० होईपर्यंत गाडी हलतच नाही, असं आहे का? माझ्या नवऱ्याने तसं सांगून मला माझ्याच मस्टँगमध्ये काही घालू दिलं नाही.

वेगवान_विन्या
बरोबर सांगितलंय. ३००० पर्यंत नुसता घसरतो.

गिअरकाका
चूक. ताक घुसळताना रवी फिरवली की थोड्या वेळाने भांडंही हाताखाली फिरू लागतं ना? कन्व्हर्टरच्या आत तेच. इंजिनाला जोडलेला पंप तेल फेकतो, ते समोरच्या टर्बाइनला ढकलतं, आणि मधला स्टेटर परतणारं तेल पंपाच्या फिरण्याच्या दिशेने वळवून देतो. त्यामुळे सुटताना इंजिनाचा जोर जवळपास दुप्पट होऊन गिअरबॉक्सला मिळतो. स्टॉलचा आकडा म्हणजे गाडी जागची हलू दिली नाही आणि थ्रॉटल पूर्ण दाबलं, तर इंजिन जिथे अडकेल ते आरपीएम. हळू निघालात तर ३००० वाला १५०० लाही गाडी हलवतो, फक्त पाय थोडा जास्त दाबावा लागतो आणि मधे रबर ताणल्यासारखं वाटतं.

आणि डब्यावरचा आकडा हा काही दगडावरची रेघ नाही. तोच कन्व्हर्टर मोठ्या ४५४ इंजिनाच्या मागे लावला तर वर जाईल, नोव्हाच्या ८.५ कॉम्प्रेशनच्या ३५० मागे खाली येईल. जोर जास्त तर स्टॉल जास्त. म्हणून विकणाऱ्याला गाडीचं वजन, इंजिन, कॅम, रेशो, टायर हे सगळं सांगायचं. न विचारता आकडा फेकणाऱ्याकडून घेऊ नये.

वेगवान_विन्या
पण मग ३००० मध्ये तोटा काय? सुटतानाही चालतो, हायवेलाही चालतो.

गिअरकाका
तोटा उष्णतेचा. टीएच३५० च्या साध्या गिअरबॉक्सला लॉकअप (कन्व्हर्टरला थेट जोडून घसरणं थांबवणारा क्लच) नाही, म्हणजे हायवेलाही कन्व्हर्टर थोडा घसरतच असतो. क्रूझिंगचं आरपीएम स्टॉलच्या बरंच खाली असेल तर चढावर, हेडविंडमध्ये तो घसरणं वाढतं, आणि ते सगळं तेलात जातं. तुझे ३.७३ म्हणजे ६५ मैलाला ३१०० च्या आसपास फिरतोयस, म्हणून तुला कळत नाही.

तेलकट_हात
अनुमोदन. मी स्वतः शेण खाल्लंय. दहा वर्षांपूर्वी कॅटलॉगमधून ३००० वाला मागवला, रेशो ३.०८, वेगळा कूलर लावला नाही. एका उन्हाळ्यात तेल गुलाबीचं कॉफी झालं. डिपस्टिक नाकाशी नेली तर करपलेल्या दुधासारखा वास. पॅन उघडला, तळाशी काळा गाळ. पुढचे आठशे डॉलर्स सांगत बसत नाही.

भूषण_मॅन्युअल
ह्या सगळ्यापेक्षा चार गिअरची मॅन्युअल बसवा. ना कन्व्हर्टर, ना स्टॉल. क्लच आहे की.

सुलक्षणा_आय७५
आणि वुडवर्डवर १६ मैल पहिल्या गिअरमध्ये, डाव्या पायाला कळ लागेपर्यंत. मी केलंय. नको.

नोव्हावाला
रेशो मोजला. बायकोने एक चाक धरलं, मी दुसरं फिरवलं, मुलगी खडूची रेघ बघत होती. दोन फेऱ्यांना शाफ्ट पावणेतीनच्या किंचित आत. मुलगी म्हणते, "बाबा, तीनला एक बोट कमी." म्हणजे २.७३ ना? टायर २३५/६०, १५ चे. म्हणजे बाहेरून २६ इंच.

इनिशियल टायमिंग: ४ अंश. जुन्या रेडिएटर सपोर्टवर स्टिकर होतं, त्यावरून ठेवलं. मॉड्युलेटरची नळी कार्बच्या एका फुटलेल्या रबरी टोकातून. फुटलेलं आज दिसलं, टेपने गुंडाळलं आहे.

गिअरकाका
बाळा, अर्धा आजार इथेच आहे.

एक. ४ अंश हे मूळच्या कॅमसाठी. तुझ्या कॅमला व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडे राहतात, आयडलला मिश्रण पातळ पडतं आणि सावकाश जळतं. त्याला ठिणगी लवकर हवी. १२ ते १४ ला ने. पण इनिशियल वाढवलं की एकूणही तितकंच वाढतं, तेव्हा व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी काढून, ३००० आरपीएमला लाइटने बघ, ३६ च्या वर जाऊ देऊ नकोस. जास्त आलं तर डिस्ट्रिब्युटरमधला मेकॅनिकल ॲडव्हान्स कमी करावा लागेल.

दोन. टीएच३५० ला इंजिनावर किती भार आहे हे व्हॅक्यूमवरून कळतं. नळी फुटली, व्हॅक्यूम पडला, की गिअरबॉक्सला वाटतं तू पाय दाबून धरलाय. तो दाब वाढवतो. तुझी ती लाथ बरीचशी तीच आहे. टेप काढून फेक, नवीन नळी थेट मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमला लाव. मॉड्युलेटरकडची नळी काढून आत बोट फिरव. लाल तेल लागलं तर पडदा फाटलाय, मॉड्युलेटर बदल. स्वस्त असतो.

मग गेज लावून आकडा सांग.

कोथरूडकर
आमच्याकडे काँटेसा होती. बॉडी व्हॉक्सहॉलची, इंजिन इसुझूचं. ती सिग्नलला कधी बंद पडली नाही. हल्लीच्या गाड्यांत तो दम नाही.

तेलकट_हात
काका, ही गाडी तुमच्या काँटेसापेक्षा जुनी आहे.

नोव्हावाला
शनिवारची दुपार गेली. टायमिंग १३ वर, एकूण ३५. नळी नवीन, मॉड्युलेटर कोरडा होता. 'डी'मध्ये आयडलला व्हॅक्यूम १० होता, आता साडेतेरा. आयडल ८०० वर आणला. काल पेट्रोल भरायला बिग बीव्हर रोडने गेलो, चार सिग्नल, एकदाही बंद पडली नाही. दणका आहे, पण आता चहा सांडणार नाही इतकाच. तरी ब्रेक जोरात दाबून धरावा लागतो, ढकलतेच आहे. आणि सुटताना ढिम्म. म्हणजे कन्व्हर्टर लागणारच?

गिअरकाका
लागेल, पण आता लहान औषध पुरेल. २.७३ आणि २६ इंच टायरला ६५ मैलाला तू २३०० च्या आसपास फिरणार. कॅमची ताकद १६०० पासून. तेव्हा तुझ्या इंजिनामागे खरोखर २२०० ते २४०० ला अडकेल असा घे, शक्यतो ११ इंची. ३००० तुझ्या रेशोला नाही. ढिम्मपणा थोडा राहील, कारण तो कन्व्हर्टरपेक्षा २.७३ चा आहे. पुढच्या हिवाळ्यात ३.४२ टाकशील तेव्हा हाच कन्व्हर्टर आणखी गोड लागेल.

कूलर वेगळा, रेडिएटरच्या पुढे. हे ऐच्छिक नाही. वुडवर्डवर हवा लागत नाही, नुसती गर्दीत रांगशील.

वेगवान_विन्या
२४०० म्हणजे काहीच कळणार नाही हो. पैसे घालवताय तर निदान २८०० तरी.

तेलकट_हात
विन्या, तो पोरीला घेऊन आइस्क्रीम खायला जाणार आहे.

नोव्हावाला
२४०० मागवला, ११ इंची. विकणाऱ्याने फोनवर सगळे आकडे विचारले, काका म्हणाले तसेच. आता तो विचारतोय, फ्लेक्सप्लेट (इंजिनाला कन्व्हर्टर जोडणारी दातेरी चकती) १५३ दातांची की १६८? सगळे दात मोजायचे का?

गिअरकाका
मोजू नकोस. खालचं कव्हर काढ, व्यास बघ. पावणेतेरा इंच म्हणजे १५३, चौदाच्या किंचित वर म्हणजे १६८. कन्व्हर्टरच्या बोल्टांचं वर्तुळ पावणेअकरा की साडेअकरा तेही बघ, काही प्लेटला दोन्ही भोकं असतात. इंजिन मूळचं ३५० च ना? कुणी ४०० घातलं असेल तर बॅलन्स वेगळा, प्लेट वेगळी.

बसवताना आत लिटरभर तेल ओत. गिअरबॉक्सवर ढकलताना फिरव, तीन वेळा आत 'खट्' झालं पाहिजे. दोन झाले की झालं असं वाटतं, तिथेच लोक फसतात. बेलहाऊसिंगचे बोल्ट आवळून झाल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरायला हवा, आणि प्लेटकडे ओढायला साधारण आठवा हिस्सा ते तीन सोळांश इंच जागा हवी. जागा नसेल तर बोल्टने खेचू नकोस. पंप फुटतो.

नोव्हावाला
कव्हर काढलं. चौदा इंच आणि थोडं. भोकं दोन्ही आहेत. इंजिन ३५० च, कास्टिंग नंबर बघितला. शनिवारी गिअरबॉक्स उतरवतोय, कोणी ट्रॉयच्या जवळ ट्रान्समिशन जॅक दोन दिवस देईल का? पोहे आणि चहा माझ्याकडे.

सुलक्षणा_आय७५
माझ्याकडे आहे. व्यक्तिगत निरोप करते. नवऱ्याला सोबत आणतेय, त्याला तो 'खट्' तीनदा ऐकवायचा आहे.